अंडपेशीची शिदोरी

सस्तन प्राण्याची अंडपेशी पूर्ण वाढली की तिच्या केंद्रकात नवा आरएनए तयार होणे जवळजवळ थांबते. आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यापुढे आयुष्यातली सर्वांत मोठी कामे उभी असतात. गुणसूत्रे निम्मी करायची, बीजकोशातून बाहेर पडायचे, एकाच शुक्राणूला आत घ्यायचे, दोन केंद्रकांचा मेळ घालायचा आणि मग पहिल्यांदा विभागायचे. ही सारी कामे ती आधी साठवलेल्या संदेशांवर उरकते. वाढीच्या काळात अंडपेशी हजारो जनुकांचे संदेशवाहक आरएनए तयार करून पेशीद्रव्यात ठेवते, आणि पुढच्या वाटेवर ही शिदोरी तिला व तिच्यापासून होणाऱ्या गर्भाला पुरते. उंदराच्या गर्भाची स्वतःची जनुके दोन पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात, माणसाच्या गर्भाची चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. तोपर्यंत सगळा कारभार आईने दिलेल्या आरएनएवर चालतो.

नवा संदेश लिहिता येत नसेल, तर जुन्या संदेशांचे काय करायचे एवढेच हाती उरते. संदेशाच्या टोकाची शेपटी वाढवणे किंवा खुडणे, एखाद्या अक्षरावर मिथिल गटाची खूण करणे, एका अक्षराचे दुसरे करणे, प्रथिनांत गुंडाळून बाजूला ठेवणे आणि काम संपले की नष्ट करणे, असे हे फेरफार आहेत. त्यांतला एखादा चुकला की सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या अंड्यापासूनही गर्भ होत नाही. हे ज्ञान ज्यांच्यामुळे मिळाले त्या संशोधकांच्या दोन जाती होत्या. एक अंड्यांवर काम करणाऱ्यांची, दुसरी आरएनएचे रसायन तपासणाऱ्यांची. दोघांनीही अनेक दशके एकमेकांची फारशी दखल घेतली नाही.

अंड्याचा शोध मुळातच उशिरा लागला. विल्यम हार्वे यांनी 1651 साली प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला आणि सर्व जीव अंड्यातून येतात असे त्याच्या मुखचित्रावरच मांडले. पण इंग्लंडच्या राजाच्या राखीव वनातल्या हरिणी चिरूनही त्यांना सस्तन प्राण्याचे अंडे काही सापडले नाही. डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफ यांनी 1672 मध्ये बीजकोशातल्या पुटकांचे नेमके वर्णन केले आणि मादीच्या या ग्रंथींतच अंडी होतात असा निष्कर्ष काढला. मात्र अख्खे पुटक हेच अंडे, असा समज पुढे दीडशे वर्षे टिकून राहिला.

तो खोडून काढला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी, 1827 साली, क्योनिग्जबर्गमध्ये. नुकताच समागम झालेली कुत्री त्यांना हवी होती आणि ती त्यांचे सहकारी बुर्डाख यांच्या घरीच होती. तिच्या बीजकोशातल्या पुटकांत बेअर यांना प्रत्येकी एक पिवळसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसला. कुतूहल म्हणून त्यांनी एक पुटक सुरीने फोडले, ठिपका पाण्याने भरलेल्या घड्याळाच्या काचेत घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. विजेचा धक्का बसावा तसे आपण मागे सरलो, असे त्यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिले. पुन्हा डोळा लावण्याआधी त्यांना धीर गोळा करावा लागला. समोर दिसत होती स्पष्ट कडेची, गोल, एकटी पेशी. मानवी अंडपेशीचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, म्हणजे नजर तयार असेल तर ती भिंगाशिवायही दिसू शकते. शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी ती एक, आणि तरी ती इतक्या उशिरा सापडली.

पुढच्या टप्प्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. ऑस्कर हेर्टविग यांनी 1876 मध्ये सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यात नर व मादीच्या केंद्रकांचे मीलन दाखवले. विल्हेल्म वाल्डायर यांनी 1870 मध्ये, आणि बराच वाद झाल्यावर सॉली झुकरमन यांनी 1951 मध्ये, स्त्रीच्या शरीरात जन्मानंतर नव्या अंडपेशी तयार होत नाहीत हे मत मांडले. मुलीच्या गर्भावस्थेत, पाचव्या महिन्याच्या सुमारास, बीजकोशांत साठ-सत्तर लाख जननपेशी असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि त्यांतल्या चारशेच्या आसपासच आयुष्यभरात बाहेर पडतात. बाकीच्या झडतात. बाहेर पडणाऱ्या अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन मध्येच थांबलेले असते, आणि ते कधी कधी चाळीस वर्षे तसेच थांबून राहते.

अंडी मोजता आली, केंद्रके मिळताना दिसली, पण पेशीद्रव्यात काय भरून ठेवले आहे हे सस्तन प्राण्यांत कळण्यासारखे नव्हते. एका उंदरीकडून एका वेळी आठ-दहा अंडी मिळत. सी-अर्चिनची मादी लाखोंनी अंडी सोडते, ती सगळी एकाच टप्प्यावर असतात आणि शुक्राणू मिसळताच एकदम वाढू लागतात. अंड्याच्या विज्ञानाची पहिली शंभर वर्षे त्यामुळे समुद्रकाठच्या प्रयोगशाळांत गेली. कोणता शोध कधी लागला हे बऱ्याच अंशी कोणाची अंडी हाताशी होती यावर ठरले, हे या इतिहासात वारंवार दिसते.

ब्रुसेल्सचे जाँ ब्राशे यांनी 1933 च्या सुमारास डीएनए गुणसूत्रांत आणि आरएनए पेशीद्रव्यात असतो हे दाखवले. सी-अर्चिनच्या अंड्यांत फलनाआधीच आरएनएचा मोठा साठा असतो, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. तो तिथे काय करतो याचे उत्तर त्या काळी कोणाकडे नव्हते. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या वुड्स होल येथे एथेल ब्राउन हार्वे यांनी केलेला प्रयोग तर कोणाच्याच चौकटीत बसेना. त्यांनी सी-अर्चिनची अंडी तितक्याच घनतेच्या साखरेच्या द्रावणात घालून अपकेंद्री यंत्रात जोराने फिरवली. अंडी ताणली गेली, मधे बारीक झाली आणि दोन तुकड्यांत तुटली. तेल व केंद्रक असलेला हलका तुकडा वर राहिला. पीतक व रंगकण असलेला जड तुकडा खाली गेला. या खालच्या, केंद्रकच नसलेल्या तुकड्यांना त्यांनी खारटपणा वाढवलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवले. ते तुकडे विभागू लागले. दोन, चार, आठ करत काही तुकडे शेकडो पेशींच्या पोकळ गोळ्यापर्यंत पोचले. पुढे त्यांना अवयव फुटले नाहीत, पण तोवर केंद्रकातले एकही जनुक नसताना इतके झाले होते. हार्वे यांचा निष्कर्ष त्यांच्या निरीक्षणाला धरूनच होता: सुरुवातीच्या विभाजनांना लागणारे सारे काही पेशीद्रव्यात आधीच असते. ते नेमके काय, हे सांगणारी भाषाच 1936 साली उपलब्ध नव्हती.

ती 1961 मध्ये मिळाली. डीएनएतली माहिती प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत एक अल्पायुषी आरएनए नेतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले आणि त्याला संदेशवाहक आरएनए म्हणू लागले. जिवाणूंत हा संदेशवाहक काही मिनिटांतच मोडतो. अंड्यातली गोष्ट उलटी निघाली. पॉल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये सी-अर्चिनच्या अंड्यांत नवा आरएनए बनणे ॲक्टिनोमायसिन या औषधाने बंद पाडले, तरी फलनानंतर प्रथिने तयार होऊ लागली आणि विभाजनेही झाली. केंद्रक काढलेले तुकडेही प्रथिने बनवतात, हे ब्राशे यांच्या गटाने आणि अमेरिकेत डेनी व टायलर यांनी दाखवले. याचा अर्थ एकच होता. संदेश अंड्यात आधीच लिहून ठेवलेले असतात आणि फलनापर्यंत ते वाचले जात नाहीत. मॉस्कोत अलेक्झांडर स्पिरिन माशाच्या गर्भांवर काम करत होते. प्रथिनांत गुंडाळलेल्या अशा आरएनए कणांचे वर्णन त्यांनी 1964 मध्ये केले आणि दोन वर्षांनी ‘झाकलेला संदेश’ ही कल्पना मांडली. हार्वे यांच्या तुकड्यांचे कोडे तीस वर्षांनी सुटले.

आईच्या साठ्यावर किती दूरवर जाता येते याचा सर्वांत ठसठशीत पुरावा बेडकाने दिला. डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी 1964 मध्ये झेनोपस जातीचे असे गर्भ तपासले ज्यांच्यात रायबोसोमचा आरएनए बनवण्याची जनुकेच नव्हती. रायबोसोमशिवाय एकही प्रथिन बनत नाही. तरीही हे गर्भ पोहणाऱ्या बेडूकमाशापर्यंत जगले आणि मगच मेले, कारण तोवर आईने अंड्यात भरलेले रायबोसोम त्यांना पुरले.

झेनोपस हा आफ्रिकी बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. केपटाउनला शिकवणाऱ्या लॅन्सेलॉट हॉगबेन यांच्या 1930 च्या आसपासच्या कामातून असे आढळले की पिट्युटरी ग्रंथीचा अर्क या बेडकीला टोचला तर ती अंडी घालते. त्यावरून पुढे गर्भवती स्त्रीच्या लघवीचा अर्क टोचून करायची गर्भधारणेची चाचणी तयार झाली आणि 1960 च्या दशकापर्यंत इस्पितळे हे बेडूक पाळत. वर्षभर, हवे तेव्हा, संप्रेरकाच्या एका सुईवर अंडी देणारा हा प्राणी संशोधकांना आयताच मिळाला. त्याची अंडपेशी मिलिमीटरभराहून मोठी असते, त्यामुळे बारीक काचनळीने तिच्यात हवे ते टोचता येते. गर्डन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये सशाच्या हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंडपेशीत टोचला आणि बेडकाच्या पेशीने सशाचे हिमोग्लोबिन बनवले. त्या दिवसापासून अंडपेशी ही आरएनए तपासण्याची जिवंत परीक्षानळी झाली.

साठा झाकलेला कसा राहतो आणि उघडतो कसा, या प्रश्नाचे पहिले उत्तर शेपटीत सापडले. बहुतेक संदेशवाहक आरएनएच्या टोकाला ‘ए’ या एकाच अक्षराची लांब रांग असते. 1971 मध्ये ती ओळखली गेली आणि दोनच वर्षांत सी-अर्चिनमध्ये फलनानंतर या शेपट्यांचे एकूण प्रमाण जवळपास दुप्पट होते असे दिसले. आरएनए तोच, शेपटी मात्र वाढलेली. 1980 च्या दशकात बेडूक व उंदीर या दोन्हींत चित्र स्पष्ट झाले. वाढणाऱ्या अंडपेशीत काही संदेश लांब शेपटीसह केंद्रकातून बाहेर येतात, पेशीद्रव्यात त्यांची शेपटी खुडली जाते आणि ते मुके होतात. अंडपेशी परिपक्व होऊ लागताच शेपटी पुन्हा वाढते आणि संदेश वाचला जातो. कोणत्या संदेशाची शेपटी वाढवायची हे त्याच्या टोकाजवळच्या, बहुतांश ‘यू’ अक्षरांच्या छोट्या तुकड्यावरून ठरते, असे 1989 मध्ये दिसून आले; त्या तुकड्याला धरणारे प्रथिन जोएल रिख्टर यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये ओळखले.

या यंत्रणेवर किती अवलंबून असते ते मॉस या प्रथिनावरून समजते. फलनाची वाट पाहणारी अंडपेशी दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर थांबून राहते. तिला थांबवणारा घटक पेशीद्रव्यात असतो, असे योशिओ मासुई व क्लेमेंट मार्कर्ट यांनी 1971 मध्ये बेडकात दाखवले होते, आणि तो घटक म्हणून मॉसची ओळख 1989 मध्ये पटली. मॉसचा संदेश अंडपेशीत आधीपासूनच असतो. त्याची शेपटी वाढली नाही तर मॉस बनत नाही, आणि मॉस नसेल तर अंडे शुक्राणूची वाट न पाहता आपणहून विभागायला निघते.

बेडकाच्या अंड्याने आणखी एक फेरफार उघडकीला आणला, तोही प्रयोग फसल्यामुळे. एखाद्या संदेशाला उलट्या अक्षरांचा पूरक आरएनए जोडून त्याचे काम बंद पाडायचे, ही युक्ती 1980 च्या दशकात नवी होती. बेडकाच्या अंडपेशीत ती चालली, पण परिपक्व अंड्यात आणि गर्भात चालेना. ब्रेंडा बास व हॅरल्ड वाइनट्रॉब यांनी सिएटलमध्ये, आणि त्याच वर्षी, 1987 मध्ये, रेबाग्लियाटी व मेल्टन यांनी कारण शोधले. अंड्यात असे काहीतरी होते जे दोन पदरी आरएनएचे पदर सोडवत होते. पदर सोडवणारी प्रथिने आधीच माहीत होती. हे त्यांतलेच एक असेल असे वाटले. पण सुटलेले पदर पुन्हा जुळवून पाहिले तर ते जुळेनात. पुढच्या वर्षी बास व वाइनट्रॉब यांनी दाखवले की पदर नुसते सुटत नव्हते, त्यांतल्या अनेक ‘ए’ अक्षरांचे इनोसीन या वेगळ्या अक्षरात रूपांतर होत होते, आणि रूपांतर झालेली अक्षरे समोरच्या पदराशी नीट जोडी जमवत नव्हती. हे रूपांतर करणारे एन्झाइम परिपक्व न झालेल्या अंडपेशीत केंद्रकात कोंडलेले असते. परिपक्व होताना केंद्रकाचे आवरण विरघळते आणि ते सगळीकडे पसरते. प्रयोग अंडपेशीत जमला आणि अंड्यात फसला तो यामुळे. आरएनएतल्या अक्षरबदलाचा हा मार्ग पुढे मेंदूतल्या पेशींसह साऱ्या प्राणिसृष्टीत सापडला, पण त्याची पहिली ओळख बेडकाच्या अंड्याने करून दिली.

दुसरी जात, रसायन तपासणाऱ्यांची, याच काळात आपल्या वाटेने चालली होती. आरएनए चारच अक्षरांचा असतो हे पाठ्यपुस्तकातले वाक्य 1951 मध्येच डळमळीत झाले होते. त्या वर्षी कोन व व्होल्किन यांना एक अनोळखी घटक मिळाला आणि पुढे तो पाचवे अक्षर, स्यूडोयुरिडीन, म्हणून ओळखला गेला. रॉबर्ट हॉली यांनी 1965 मध्ये पहिल्यांदा एका वाहक आरएनएची पूर्ण अक्षररचना लावली तेव्हा तीत अशी फेरफार केलेली अक्षरे अनेक निघाली. आज आरएनएतले असे फेरफार दीडशेहून अधिक माहीत आहेत.

संदेशवाहक आरएनएत यांतला सर्वांत जास्त आढळणारा फेरफार 1974 मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला: मिशिगनमध्ये फ्रिट्झ रॉटमन यांच्या प्रयोगशाळेत आणि फिलाडेल्फियात रॉबर्ट पेरी व डॉन केली यांना. ‘ए’ या अक्षराच्या सहाव्या जागेवरच्या नायट्रोजनला एक मिथिल गट जोडलेला असतो. संशोधक याला एम-सिक्स-ए म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत सरासरी एका संदेशावर अशा तीनेक खुणा असतात. पण या शोधाचा पाठपुरावा पुढे अनेक दशके मोजक्याच प्रयोगशाळांनी केला, आणि त्याला कारणेही होती. आरएनए वाचायचा तर आधी त्याची डीएनए प्रत काढावी लागते, आणि ती प्रत काढणारे एन्झाइम खूण असलेल्या ‘ए’लाही साधा ‘ए’ म्हणूनच वाचते. त्यामुळे खूण आहे हे कळे, कुठे आहे ते कळत नसे. शिवाय ती पुसणारे एन्झाइम कोणाला माहीत नव्हते, म्हणून एकदा लागली की ती कायमची, असे मानले जाई. कायमच्या खुणेत नियंत्रणाला वाव कमी. रॉटमन मात्र मागे लागून राहिले. त्यांच्या गटाने जोसेफ बोकार यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये ही खूण करणाऱ्या एन्झाइमचा मुख्य भाग वेगळा काढला. त्याला आज मेटल-थ्री म्हणतात.

या खुणेचा प्रजननाशी संबंध पहिल्यांदा जोडला गेला तो यीस्टमध्ये. अन्न संपले की यीस्टची पेशी अर्धसूत्री विभाजन करून बीजाणू बनवते. या विभाजनासाठी लागणारे आयएमई-फोर हे जनुक शाह व क्लॅन्सी यांनी 1992 मध्ये वर्णिले होते. मानवी एन्झाइमची अक्षररचना हाती आली तेव्हा ती या जनुकाशी मिळतीजुळती निघाली. मग मेरी क्लॅन्सी यांनी बोकार यांच्यासह 2002 मध्ये दाखवले की बीजाणू बनण्याच्या काळातच यीस्टच्या संदेशांवर एम-सिक्स-ए दिसते. गुणसूत्रे निम्मी करण्याची जी प्रक्रिया अंडपेशीही करते, तिच्याशी ही खूण इतक्या साध्या सजीवातही बांधलेली होती. फळमाशीत तेच जनुक अंडी घडण्यासाठी लागते, असे होंगाय व ऑर-वीव्हर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केले. या निबंधांचे महत्त्व तेव्हा फार थोड्यांना वाटले असावे.

चित्र पालटले ते त्याच वर्षी. शिकागोत चुआन हे यांच्या गटाने एफटीओ हे एन्झाइम एम-सिक्स-ए पुसू शकते असे 2011 मध्ये दाखवले. एफटीओचे पेशीतले खरे लक्ष्य कोणते यावर नंतर बरेच वाद झाले, पण खूण पुसता येते हा मुद्दा त्या क्षेत्राला हलवून गेला. पुढच्या वर्षी इस्राएलमध्ये गिडियन रेचावी आणि न्यूयॉर्कमध्ये सॅमी जाफ्री यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खुणेला चिकटणारे प्रतिपिंड वापरून आरएनएचे खूण असलेले तुकडे वेगळे काढले व वाचले. सात हजारांहून अधिक जनुकांच्या संदेशांवर ती सापडली, आणि बऱ्याचदा प्रथिनाचा मजकूर जिथे संपतो त्याच्या आसपास. तीन गोष्टी आता पूर्णपणे उलगडायच्या होत्या: खूण कोण करते, कोण पुसते, आणि कोण वाचते.

उत्तरे आली तीही पुन्हा प्रजननातून. एएलकेबीएच-फाइव्ह हे पुसणारे दुसरे एन्झाइम 2013 मध्ये सापडले. ते नसलेल्या नर उंदरांचे वृषण लहान होते आणि त्यांची प्रजननक्षमता घटलेली होती. वाचणाऱ्या प्रथिनांपैकी वायटीएचडीएफ-टू हे खूण असलेल्या संदेशाला धरून त्याचा नाश घडवते, हे 2014 मध्ये समजले. अंडपेशीच्या अभ्यासकांना हवा असलेला दुवा हाच होता. साठा करणे हे अंड्याच्या कामाचे अर्धेच अंग आहे, दुसरे अर्धे तो वेळेवर रिकामा करण्याचे. उंदरात दोन पेशींच्या टप्प्यापर्यंत आईच्या संदेशांपैकी सुमारे नऊ दशांश नष्ट झालेले असतात, आणि ही मोडतोड अंडपेशी परिपक्व होतानाच सुरू होते.

एडिनबरोत डोनल ओ’कॅरल यांच्या गटाने 2017 मध्ये वायटीएचडीएफ-टू नसलेले उंदीर वाढवले. माद्या वांझ निघाल्या, नरांना पिल्ले झाली. माद्यांची अंडी परिपक्व होत होती, पण त्यांच्यात जे संदेश कमी व्हायला हवे होते त्यांतले बरेचसे कमी झालेले नव्हते, आणि अशा अंड्यांपासून झालेले गर्भ सुरुवातीलाच अडत. जास्तीची शिदोरीही बाधते, असा हा निष्कर्ष. 2018 मध्ये जेरेमी वांग यांच्या गटाने दाखवले की वायटीएचडीसी-वन हे केंद्रकातले वाचक नसेल तर अंडपेशी वाढीच्या सुरुवातीलाच थबकते आणि तिच्यातले संदेश चुकीच्या ठिकाणी कापले-जोडले जातात. वायटीएचडीसी-टू नसेल तर नर व मादी दोघांतही अर्धसूत्री विभाजन मार्गी लागत नाही, हे 2017-18 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले. एकाच खुणेचे तीन वाचक, आणि तिघांचे काम अंडपेशीच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर.

झेब्राफिशमधले काम इतके सरळ गेले नाही. 2017 मध्ये आलेल्या एका गाजलेल्या निबंधात या माशाच्या आईकडून आलेल्या संदेशांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांवर एम-सिक्स-ए असू शकते आणि वायटीएचडीएफ-टू काढल्यास साठा रिकामा व्हायला उशीर लागतो, असे म्हटले होते. अँटोनिओ गिराल्देझ यांच्या गटाने 2020 मध्ये तेच जनुक काढून पाहिले तेव्हा एकूण साठा वेळेवरच रिकामा होत होता. एक वाचक नसला तरी दुसरे त्याचे काम भागवतात, असा त्यांचा खुलासा होता. दोन वाचक एकत्र काढले तेव्हा मात्र मादीच्या जननग्रंथी नीट घडेनात. एका जनुकाला एक काम वाटून देण्याची घाई या क्षेत्रात बरीच झाली, आणि हा वाद तिच्यावर चांगला उतारा ठरला.

एम-सिक्स-ए ही एकच खूण नाही. 2017 मध्येच कळले की टीयूटी-फोर व टीयूटी-सेव्हन ही एन्झाइमे आखूड शेपटीच्या टोकाला ‘यू’ अक्षरे जोडून संदेशाला नाशाच्या वाटेला लावतात. ती नसलेल्या उंदरीच्या अंड्यांत साठ्याची रचनाच बिघडते आणि ती वांझ राहते. 2019 मध्ये झेब्राफिशमध्ये उलट्या कामाची खूण सापडली. ‘सी’ अक्षरावरचा मिथिल गट संदेशाला टिकवतो, आणि त्याला ओळखणारे वायबीएक्स-वन हे प्रथिन त्याच कुळातले आहे ज्या कुळातले एमएसवाय-टू उंदराच्या अंडपेशीत एकूण प्रथिनांच्या सुमारे दोन टक्के भरते. स्पिरिन यांनी कल्पिलेले झाकण ते हेच, असे म्हणायला हरकत नाही. साठा कुठे ठेवला जातो याचा उलगडा तर आणखी नंतर झाला. मेलिना शू यांच्या गटाने 2022 मध्ये दाखवले की सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत झाकलेले संदेश तंतुकणिकांभोवती आवरण नसलेल्या एका कप्प्यात जमतात आणि झेडएआर-वन हे प्रथिन तो कप्पा बांधते.

उंदरांवरचे हे काम शक्य झाले ते मोजण्याची साधने बारीक झाल्यामुळे. 2009 मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत फुचौ तांग यांनी पहिल्यांदा एका पेशीतला संदेशवाहक आरएनए पूर्ण वाचला. ती पेशी उंदराच्या चार पेशींच्या गर्भातली होती. खुणांचा नकाशा काढायला मात्र त्याहून खूप जास्त आरएनए लागत असे, आणि उंदराच्या अंडपेशींतला व सुरुवातीच्या गर्भांतला एम-सिक्स-एचा सविस्तर नकाशा 2023 मध्येच हाती आला.

माणसाच्या अंडपेशीपर्यंत हा इतिहास वंध्यत्वाच्या उपचारांतून पोचला. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी 1965 मध्ये बीजकोशातून काढलेल्या मानवी अंडपेशी शरीराबाहेर दीड दिवसात परिपक्व होतात असे दाखवले, आणि 1978 मध्ये इंग्लंडमध्ये पहिले परीक्षानळी-बाळ जन्मले. त्याच वर्षी कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांनीही तसे बाळ जन्माला घातले, पण त्यांच्या दाव्यावर सरकारी पातळीवर अविश्वास दाखवला गेला. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी जवळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्याने 6 ऑगस्ट 1986 रोजी असे बाळ जन्माला आणले. देशातले पहिले म्हणून त्याचीच नोंद झाली. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रे पाहून, पहिलेपणाचा मान त्यांचाच, असे जाहीरपणे सांगितले ते आनंद कुमार यांनीच.

या उपचारांनी पूर्वी कधी न दिसलेले काहीतरी डॉक्टरांच्या नजरेस आणले. काही स्त्रियांची अंडी दरवेळी एकाच टप्प्यावर अडत. कोणाची परिपक्वच होत नसत. कोणाची होत, शुक्राणू आत जाई, दोन्ही केंद्रके दिसत, आणि पहिले विभाजन मात्र कधीच होत नसे. पुनःपुन्हा संप्रेरके देऊन, शुक्राणू थेट टोचूनही फरक पडत नसे. 2017 पासून अशा काही कुटुंबांत पीएटीएल-टू या जनुकातले दोष सापडले. त्याचे प्रथिन अंडपेशीतल्या संदेशांना झाकून ठेवण्याच्या यंत्रणेतले आहे. चीनमधल्या हेंग-यू फॅन यांच्यासह इतर गटांनी 2016 मध्ये उंदरात बीटीजी-फोर हे प्रथिन शेपटी खुडणाऱ्या एन्झाइमला संदेशांपाशी आणते आणि ते नसेल तर गर्भ एक-दोन पेशींपुढे जात नाही असे दाखवले होते. 2020 मध्ये फुदान विद्यापीठातल्या संशोधकांना, फलन होऊनही ज्यांची अंडी विभागत नव्हती अशा काही स्त्रियांत, याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. आईवडील नात्यातले असतील तर दोन्ही प्रती सदोष येण्याची शक्यता वाढते.

अशा स्त्रियांना आज देता येण्याजोगा उपाय म्हणजे दुसऱ्या स्त्रीचे अंडे. जनुकाची तपासणी आधी झाली तर फुकट जाणारी उपचारांची चक्रे, त्यांचा खर्च आणि संप्रेरकांचा मारा टळतो, एवढा फायदा या ज्ञानातून रुग्णालयापर्यंत पोचला आहे. एम-सिक्स-ए करणाऱ्या मेटल-थ्रीला रोखणारी औषधे रक्ताच्या कर्करोगासाठी तयार केली जात आहेत. उंदरीच्या अंडपेशीतून हेच एन्झाइम काढल्यास ती वांझ होते हे माहीत असल्यामुळे, तरुण स्त्रियांना ती देण्याआधी त्यांच्या बीजकोशांवर होणारा परिणाम तपासावा लागेल.